चुना अजून ओला आहे

बागेच्या मोठ्या फाटकातून आत शिरायची ओळंब्याची ही पहिलीच वेळ. सहा वर्षं तो याच बागेत गवंडीकाम करत होता, पण कामाच्या माणसांना मागून वेगळी वाट होती. पुरुषभर खोल खणलेली, दोन्ही बाजूंनी दगडी बांध घातलेली. दोनशे वर्षांपूर्वी ज्या उमरावानं ही बाग करवून घेतली, त्याला बसल्या जागेवरून हरणं दिसायला हवी होती, पाणी दिसायला हवं होतं, लांबची झाडं दिसायला हवी होती. डोक्यावर घमेलं घेऊन चाललेला माणूस तेवढा दिसायला नको होता. म्हणून त्यानं माणसं खड्ड्यातून चालवली. उमराव गेला, त्याची पतवंडं गेली, बाग शहराची झाली. वाट तीच राहिली. ओळंबाही सहा वर्षं तिथूनच आला-गेला आणि त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. खाली सावली असते. डोकं खाली घालून चालावं, काम करावं, परत यावं.

आज त्याच्याबरोबर धाकटी होती. धाकटी म्हणजे त्याच्या धाकट्या भावाची बायको. ती रस्त्यावरच थांबली आणि म्हणाली, "मी त्या खड्ड्यातून यायची नाही. तिकीट काढू."

"तिकीट कशाला? मला ओळखतात. फुकट सोडतात."

"तुम्हाला सोडतात ते कामाला. मला बघायला जायचं आहे."

तिकीट देणारा रोज ओळंब्याला मागच्या दाराशी बघायचा. आज खिडकीत बघून तो बावचळला. "काय मिस्त्री, आज साहेब झालात?"

"पाहुणे आहेत," ओळंबा म्हणाला. पाच महिने झाले, त्याला फारसं काही सुचत नव्हतं. जेवण पुढे आलं की जेवायचा. कुणी हसलं की तोंड तेवढं फाकवायचा. सांत्वनाला आलेली माणसं म्हणायची, रडून घे बाबा, मोकळा हो. तो मान हलवायचा, जसं काही कुणी त्याला दुकानातून काहीतरी आणायला सांगितलंय आणि तो जाताना आणणार आहे.

ओळंबा हे काही त्याचं खरं नाव नव्हे. कामावरच्या माणसांनी ठेवलेलं. भिंत सरळ आहे का हे बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतात, त्याला ओळंबा म्हणतात. याला दोरी लागत नसे. लांब उभा राहून एक डोळा बारीक करायचा आणि सांगायचा, "डावीकडे दोन सूत गेली." मग बाकीचे हट्टानं दोरी सोडून बघायचे, तर दोन सूतच, म्हणजे पाव इंचच, निघायची. असा माणूस. त्याच्या हातून बागेत जे झालं, त्याला लोक चूक म्हणत होते. चूकच होती. पण अशी चूक करायलाही तीस वर्षांचा हात लागतो.

झालं होतं असं. बागेच्या मधोमध तलाव आहे आणि तलावाच्या अलीकडे एक पडकी कमान. पडकी म्हणजे कधी पडलेली नव्हे, पडकीच बांधलेली. उमरावाला वाटलं, आपल्या बागेत एखादा जुना अवशेष हवा, पूर्वी इथं कुणी राजे नांदले असावेत असं पाहुण्यांना वाटायला हवं. तर त्यानं गवंडी लावून पडकी कमान बांधून घेतली. एक खांब अर्ध्यावर सोडलेला, माथ्यावरचे दोन चिरे मुद्दाम खाली टाकलेले, आणि उजव्या भिंतीत वरपासून खालपर्यंत एक भेग. वर वीतभर, खाली दोन बोटं. ही भेग म्हणजे त्या कमानीचा जीव, असं जाणती माणसं म्हणतात. चढावर एक फरशी आहे, तिच्यावर उभं राहिलं की नेमकं त्या भेगेतून तलावाचं पाणी चकाकताना दिसतं. पुस्तकांतून तिची चित्रं आहेत. लोक लांबून येतात, त्या फरशीवर रांग लावतात.

ओळंब्याला आणि त्याच्या टोळीला काम मिळालं होतं कमानीवरचं शेवाळ काढायचं आणि पायाकडच्या दरजा, म्हणजे दगडांमधल्या फटी, चुन्यानं भरायचं. तेवढंच. भोवती परांची होती, परांचीवर हिरवी जाळी. टोळी खाली दरजा भरत होती आणि ओळंबा वर होता. दोन दिवस तो वरच होता. तिसऱ्या दिवशी जाळी उतरवली तेव्हा भेग नव्हती. आत दगडाच्या चिपा बसवून, चुना दाबून, वरून जुन्या चिऱ्यांच्या रंगाशी रंग जुळवून त्यानं ती अशी बुजवली होती की कुठं होती ते बोट ठेवून दाखवता येईना.

टोळीतल्या एकानं पहिल्याच दिवशी खालून ओरडून सांगितलं होतं, "अरे ओळंब्या, ती तशीच ठेवायची आहे, तिला हात लावू नको." ओळंब्यानं ते ऐकलं होतं. कळलंही होतं. नंतर विचारलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "दिसली. भरली."

मग बोंबाबोंब झाली. आता आज अकरा वाजता बागेचे अधीक्षक येणार होते आणि त्यांच्याबरोबर त्या बाई, ज्यांना टोळीतले लोक जुन्यावाल्या बाई म्हणत. जुन्या इमारती जपायचं त्यांचं काम. बाईंना ओळंब्याला एकच प्रश्न विचारायचा होता: जुन्या चिऱ्यांना धक्का न लावता हा चुना काढता येईल की नाही? येत असेल तर काढायचा. येत नसेल तर जुने दगड फोडण्यापेक्षा भेग बुजलेली राहू द्यायची आणि कपाळाला हात लावायचा.

उत्तर फक्त ओळंब्यालाच माहीत होतं. असा चुना महिनाभर आतून ओला राहतो. वरून कातडी धरतो, आत मऊ असतो. तोवर काढला तर निघतो. एकदा पुरता बसला की दगडाला असा धरतो की दगडच सोलून येतो. आज एकोणिसावा दिवस होता. त्यानं मळताना त्यात काय किती घातलं, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. तो म्हणाला असता, बसला, तर बसला.

आणि ओळंब्यानं ठरवलं होतं, बसला म्हणायचं.

टोळीला हे पटत नव्हतं. तलावाच्या काठची भिंत नव्यानं बांधायची होती, सात माणसांचं वर्षभराचं काम, आणि अधीक्षक म्हणाले होते, आधी ही भानगड निस्तरा, मग पुढचं बोलू. टोळीतल्या सगळ्यात वयस्क गवंड्यानं काल त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझं दुःख आम्हाला कळतं. पण तुझ्या एका भेगेपायी सात घरांच्या चुली विझवू नकोस." ओळंब्यानं मान हलवली होती.

दोघं तलावाच्या बाजूनं चालू लागली. बाग मोठी होती, एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला तास लागावा एवढी. झाडांना पत्र्याचे नंबर ठोकलेले. सगळं कसं आपोआप उगवल्यासारखं दिसत होतं आणि एकही काडी आपोआप उगवलेली नव्हती. तलाव खणलेला, टेकडी तलावाच्या मातीची, ओढ्याचं वळणसुद्धा कागदावर काढून मग जमिनीत उतरवलेलं.

टेकडीच्या पायथ्याशी एक पाटी होती. धाकटी थांबून वाचू लागली. ती पाट्या पूर्ण वाचणाऱ्यांतली होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "इथं गाव होतं म्हणे. दृश्यात येत होतं म्हणून उठवलं."

"हं."

"कुठं गेली माणसं ते नाही लिहिलं."

"जागा संपली असेल पाटीवर."

हा विनोद होता की नाही ते दोघांनाही कळलं नाही. शेजारून एक जोडपं चाललं होतं. नवरा बायकोला सांगत होता, किती शांत वाटतं ना इथं, माणसाचा हात लागलेला नाही कुठं. धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं, मग ओळंब्याच्या हातांकडे पाहिलं आणि पुढे चालू लागली.

पाण्याजवळच्या बाकावर तिनं पिशवीतून पाव आणि उकडलेली अंडी काढली. अंडं सोलून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते मिठाशिवायच खाल्लं. मीठ पुडीत होतं, पुडी त्याच्या मांडीवर होती.

"दादा, मीठ."

"असू दे."

"बेचव लागत नाही?"

"लागतं का काही?" तो म्हणाला. तिनं त्याच्या मांडीवरची पुडी उचलून पिशवीत टाकली. तिलाही लागत नसावं. दोघं एका भिंतीच्या दोन बाजूंना राहिल्यासारखी पाच महिने एका खोलीत राहत होती, तो, त्याची बायको, त्यांच्या दोन मुली आणि धाकटी. आधी दोन खोल्या होत्या. दोन्ही खोल्या एकाच इमारतीत होत्या.

त्या इमारतीचं सांगायला हवं. तीन मजली. जिन्याच्या भिंतीत भेग होती. ओळंबा जाता-येता तिच्यावर नजर टाकायचा. त्यानं तिच्यावर काचेची बारीक पट्टी चुन्यानं चिकटवली. गवंडी असं करतात. भेग हलत असली तर काच तडकते. चौथ्या दिवशी काच तडकली. तो मालकाकडे गेला. मालक म्हणाला, पोरांनी फोडली असेल. दुसऱ्यांदा गेला, तिसऱ्यांदा गेला. चौथ्यांदा मालकानं रंगारी पाठवला. रंगाऱ्यानं भेगेवर कापडी पट्टी चिकटवून वरून पिवळा रंग फासला. ओळंबा म्हणाला, निदान मला खाली उकरून पाया तरी बघू द्या, मजुरी नको. मालक म्हणाला, "भिंत माझी आहे. हात लावलास तर खोली खाली करायची." तपासायला सरकारी माणूस आला तो खालच्या दुकानात बसून चहा प्यायला, जिना चढलाच नाही, आणि कागदावर लिहून गेला, इमारत सुस्थितीत. ओळंब्यानं हात लावला नाही. खोली जाईल म्हणून लावला नाही. मग एके दिवशी दुपारी सव्वातीनला भाऊ मोजपट्टी विसरली म्हणून परत आला होता, तो जिन्यात असताना जिन्याची भिंत बसली. वरच्या मजल्यांवरची माणसं खरचटून वाचली. भावाला ढिगाऱ्याखालून काढलं तेव्हा मोजपट्टी त्याच्या हातातच होती.

मालकाला जामीन मिळाला. सरकारी माणसाची बदली झाली. पलीकडच्या रस्त्यावर मालकाची दुसरी इमारत आहे, तिला नुकताच पिवळा रंग दिलाय.

ओळंब्याला हेही माहीत होतं की भेग बुजवून भिंत वाचत नाही. दुखणं पायात असतं, भेग नुसती दिसते. जिन्यातली भेग त्यानं दहादा भरली असती तरी भिंत बसलीच असती. कमानीतल्या भेगेला तर दुखणंच नव्हतं. ती दोनशे वर्षं ठणठणीत उभी होती आणि आणखी दोनशे वर्षं राहिली असती. हे सगळं कळत असताना त्यानं ती भरली होती.

"चला," धाकटी म्हणाली. "मला बघू दे आधी. ते यायच्या आत."

कमानीशी कुणी नव्हतं. दोरी बांधून ठेवली होती आणि दोरीवर कागद लटकत होता, काम चालू आहे. धाकटी दोरीखालून वाकून आत गेली. भिंतीवर ओलं गोणपाट टाकलेलं होतं, चुना उन्हानं करपू नये म्हणून. ओळंबा अजून रोज सकाळी येऊन त्यावर पाणी मारत होता. ज्या कामाबद्दल सगळं जग त्याला शिव्या देत होतं, त्या कामाची निगा राखणं काही त्याच्यानं सुटलं नव्हतं.

तिनं गोणपाट बाजूला केलं. बराच वेळ शोधत राहिली. मग एका जागी तळवा टेकला, मग अंगठ्याचं नख रोवलं, मग वास घेतला. लग्नाआधी ती आठ वर्षं बांधकामावर चुना मळायला होती. तिला शिकवावं लागत नव्हतं.

"अजून ओला आहे," ती म्हणाली.

"हं."

"सांगू नका."

"नाही सांगणार. ठरवूनच आलोय."

"त्या बाईंना कळेल?"

"वरून कडक लागतं. आतलं कळायला उकरावं लागेल, आणि उकरून बघ असं त्या स्वतः म्हणायच्या नाहीत. दगड दुखावेल म्हणून जीव जातो त्यांचा."

धाकटीनं गोणपाट परत नीट घातलं. कडा ओढून सारखी केली, जसं झोपलेल्या माणसावरचं पांघरूण सारखं करतात. "मला काही मोठं वाटतंय असं नाही, दादा," ती म्हणाली. "आतून काही हलत नाही. पण या शहरात एक तरी बुजलेली राहू दे. कुणाच्या का बागेत असेना."

"तलावाचं काम जाईल."

"मी भांडी घासेन चार घरची. घासतेच आहे."

"टोळीचंही जाईल."

ती वाकून दोरीबाहेर आली.

अधीक्षक आणि बाई अकराला पाच कमी असताना आले. अधीक्षकांच्या काखेत फाईल होती आणि तोंडावर असा भाव की ही फाईल कधी एकदा कपाटात जाते. बाई पन्नाशीच्या, पायांत मातीचे बूट, गळ्यात दोरीला भिंग. त्यांनी धाकटीकडे पाहून विचारलं, "या कोण?"

"माझ्या धाकट्या भावाची बायको. बघायला आली आहे. तिकीट काढलंय," ओळंबा म्हणाला.

बाईंना भावाचं माहीत होतं. त्यांनी धाकटीला नमस्कार केला आणि भलतंसलतं काही बोलल्या नाहीत, हे बरं केलं. गोणपाट त्यांनी स्वतःच्या हातानं दूर केलं. भिंगातून वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाल्या, "मिस्त्री, मी पंचवीस वर्षं हे काम करतेय. एवढी सुरेख भरणी मी पाहिलेली नाही. तेच तर दुखणं आहे. वाईट असती तर मला तुमच्यावर रागावता तरी आलं असतं."

"रागवा की."

"आता काय उपयोग." त्या वळल्या. "ज्यांनी ही बांधली, त्या गवंड्यांची नावं कुठंच नाहीत. मी खूप शोधलं. त्यांच्या हातचं म्हणून एवढंच उरलंय, ती भेग. प्रत्येक चिरा मोडल्यासारखा दिसावा म्हणून तासलाय त्यांनी. सरळ चिरा तासण्यापेक्षा ते अवघड असतं, तुम्हाला मी काय सांगू."

ओळंब्याला ते माहीत होतं. भरताना त्याच्या बोटांना लागलं होतं. खोटी मोडतोड इतकी नीटस होती की जी माणसं ती करत होती, त्यांना मोडलेल्या भिंती फार जवळून ठाऊक असणार. त्यांची घरंही टेकडीच्या पायथ्याला, त्या उठवलेल्या गावात असतील. त्याला हे कळलं, आणि कळून काही वाटलं नाही.

धाकटीनं मध्येच विचारलं, "आधी धड बांधून मग मोडली, की मोडकीच बांधत नेली?"

"मोडकीच बांधत नेली," बाई म्हणाल्या. "नकाशाप्रमाणे."

"आणि मजुरी पूर्ण मिळाली त्यांना?"

बाईंनी खांदे उडवले. "ते नाही लिहिलेलं."

अधीक्षक घड्याळ बघत होते. त्यांनी ओळंब्याच्या जवळ येऊन, सोय करून दिल्यासारखं म्हटलं, "बसला असेल ना हो आता? एकोणीस दिवस म्हणजे काय थोडे झाले? बसला असेल तर मी लिहून टाकतो, काढता येत नाही, विषय संपला. वर्तमानपत्रवाले चार दिवस बोंबलतील आणि गप्प बसतील. तुमच्या पुढच्या कामाचं मात्र मग माझ्या हातात नाही."

"थांबा," बाई म्हणाल्या. "मला त्यांच्याकडून ऐकू दे." त्या ओळंब्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. किल्लीच्या टोकानं त्यांनी चुन्यावर हलकेच ओरखडा काढून पाहिला होता, उमटला नव्हता. "वरून तर कडक लागतंय. मला आतलं सांगता येत नाही, खरंच सांगते. तुम्ही मळलाय, तुम्ही भरलाय. तुम्ही म्हणाल ते मी मानेन. निघेल की नाही?"

आणि मग त्या गप्प राहिल्या. घाई केली नाही, फाईलकडे पाहिलं नाही, उत्तर आपणच पुरवलं नाही. हातातली किल्ली तशीच धरून त्या थांबल्या.

ओळंब्याच्या तोंडात शब्द तयार होता. सकाळपासून तयार होता, एका शब्दाचं काम. त्यानं धाकटीकडे पाहिलं नाही. तिनंही पाहिलं नाही, ती तलावाकडे बघत होती. अधीक्षकांनी मदत म्हणून मान डोलावली. ओळंब्यानं भिंतीवर तळवा ठेवला. काही पारखायला नाही. उभं राहायला काहीतरी लागतं म्हणून.

"वरून कडक आहे," तो म्हणाला. "आत चुना अजून ओला आहे. निघेल."

अधीक्षकांनी उसासा टाकला.

"जुन्याला धक्का न लागता?" बाईंनी विचारलं.

"एकही चिरा दुखावणार नाही. मी काढला तर. आज काढला तर आज. आठ-दहा दिवसांनी मग कुणाच्या बापाला निघायचा नाही."

बाईंनी डोळे मिटले आणि उघडले. "आज काढाल?"

"टोळीला निरोप धाडा. अवजारं लागतील."

टोळी अर्ध्या तासात आली, खड्ड्याच्या वाटेनं. वयस्क गवंड्यानं ओळंब्याच्या पाठीवर थाप मारली, म्हणाला, शेवटी शहाणा झालास. बाहेरच्यांना असंच वाटणार की हा पोटासाठी बोलला, कामासाठी वाकला. ओळंब्यानं कुणाची समजूत काढली नाही. पटाशी घेतली, लाकडी हातोडी घेतली, पाण्याचा डबा घेतला आणि वरपासून सुरुवात केली. वरची कातडी टचकन सुटली. आतला चुना लोण्यासारखा नव्हता, खरवसासारखा होता; पटाशीच्या टोकाला चिकटून ढपल्याढपल्यानं येत होता. चिपा त्यानं बसवल्या होत्या त्याच्या उलट क्रमानं निघत होत्या. कुठली कुठं आहे ते त्याला बघावं लागत नव्हतं.

धाकटी लांब जाऊन खाली पडलेल्या एका चिऱ्यावर बसली होती, उमरावानं मुद्दाम टाकलेल्या. तासभर तशीच बसून राहिली. मग उठली, पदर खोचला, टोळीतल्या एकाच्या हातातून घमेलं काढून घेतलं आणि भिंतीखाली येऊन धरलं.

"मी नेते," ती त्या माणसाला म्हणाली. "तू पाणी मार. धूळ उडतेय."

दुपार झाली. चढावरच्या फरशीवर बघ्यांची गर्दी जमली. वरचा वीतभर भाग मोकळा झाला तेव्हा तिकडून कुणीतरी म्हणालं, दिसलं, पाणी दिसलं. दोन-चार जणांनी टाळ्या वाजवल्या. एका बापानं पोराला खांद्यावर घेतलं आणि सांगितलं, बघ, किती जुनं आहे, किती वर्षांपूर्वी पडलं असेल. दोरीपाशी एक म्हातारी येऊन थांबली आणि धाकटीला विचारू लागली, "बाई, दुरुस्ती करताय का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "मोडकी करतोय. तशीच हवी आहे."

म्हातारी वाट बघत राहिली, पुढं काही सांगतील म्हणून. मग निघून गेली.

ओळंबा आता कंबरेइतक्या उंचीवर आला होता. भेगेतून पलीकडचं पाणी त्याच्याही डोळ्यांसमोर होतं, सपाट, राखाडी. आता काहीतरी वाटेल म्हणून तो क्षणभर थांबला. काही वाटलं नाही. हात दुखत होते, एवढं कळलं.

"तुम्ही ठरवून आला होतात," धाकटी खालून म्हणाली. आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट जागेवर आहे का ते बघावं तशी बोलत होती.

"हो."

"मग?"

त्यानं एक चिप काढली, उलटी-सुलटी करून पाहिली, तिच्या घमेल्यात ठेवली. "विचारलं त्यांनी," तो म्हणाला.

"विचारणारच होत्या. त्यालाच तर आल्या होत्या."

"तसं नाही. विचारून थांबल्या." त्यानं पटाशीचं टोक फडक्याला पुसलं. "आपल्या जिन्याचं मी चारदा सांगितलं. विचारलं कुणीच नव्हतं. तीस वर्षं भिंती बांधतोय. निघेल का, राहील का, पडेल का, असं मला समोर उभं राहून आजपर्यंत कुणी विचारलेलं नाही. माझ्यानं नाही झालं खोटं."

धाकटी घमेलं धरून उभी होती. भरलं होतं, जड झालं असणार. तिनं ते कंबरेवरून डोक्यावर घेतलं.

"एक बुजलेली राहिली असती," ती म्हणाली.

"राहिली असती."

ती कमानीला वळसा घालून खड्ड्याच्या वाटेकडे निघाली. हिरवळीच्या काठाशी ती पायऱ्या उतरू लागली तशी आधी तिचे पाय दिसेनासे झाले, मग कंबर, मग नुसतं घमेलं तेवढं गवतावरून सरकत गेलं आणि तेही गेलं. फरशीवरच्या माणसांनी कॅमेरे वर केले; आता दृश्यात काही आड येत नव्हतं. ओळंब्यानं गुडघे टेकले आणि खालच्या दोन बोटांच्या जागेत पटाशी घातली. ती परत आली तेव्हा घमेलं रिकामं होतं. तिनं ते त्याच्या हाताखाली धरलं, आणि त्यानं पुढचा ढपला त्यात टाकला.